‘सगळ्या सापांवर एकच उतारा’: यात घोणस आणि फुरसं कुठे आहेत?

रानवाटा
मे २०२५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि आपल्याकडे मथळे झळकले, ‘सर्पदंशावर रामबाण सापडला’. अजूनही ते फॉरवर्ड फिरतंय, म्हणून धागा काढतोय.

नेमकं काय झालं ते असं. टिम फ्रीड या अमेरिकन माणसाने वर्षानुवर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं होतं. त्याच्या रक्तातून दोन अँटीबॉडी वेगळ्या काढल्या, एलएनएक्स-डी०९ आणि एसएनएक्स-बी०३. त्यांच्या जोडीला वारेस्प्लॅडिब हे छोट्या रेणूचं औषध दिलं. हे त्रिकूट १९ सापांच्या विषावर उंदरांमध्ये तपासलं. १३ विषांपासून पूर्ण संरक्षण मिळालं, ६ विषांपासून अर्धवट.

मथळ्यांतून गळलेली गोष्ट ही की ते १९च्या १९ साप नाग-मण्यार यांच्या कुळातले आहेत. त्यात घोणस कुळातला एकही नाही. नागाच्या कुळातल्या विषाचा मुख्य मारा मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेवर असतो. घोणस आणि फुरसं रक्त गोठण्याची यंत्रणा मोडतात, केशवाहिन्यांच्या भिंती फोडतात. ती प्रथिनंच वेगळी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. ज्या दंशांत साप ओळखला गेला त्यांतले ४३ टक्के एकट्या घोणसचे.

तेव्हा रामबाण असेल तर आपल्या निम्म्या लढाईचा. आणि तोही अजून उंदरांपुरता.

घाटातला_एमओ
बातमी चांगलीच आहे, पण पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, फ्रीजमध्ये आज जे आहे ते म्हणजे घोड्याच्या रक्तातलं पॉलीव्हॅलंट एएसव्ही: नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं या चौघांवरचं मिळून एकच सर्पविषरोधक सीरम. तत्त्व १८९५ सालचं, फ्रेंच डॉक्टर काल्मेटचं. पेशंट दगावतो तो औषध जुनं आहे म्हणून कमी, आणि ते उशिरा, अपुरं किंवा घाबरत दिलं म्हणून जास्त. धागा निघालाच आहे तर इथे त्याबद्दलही नीट लिहू या. मेडिकल ऑफिसर म्हणून नवीन रुजू झालेले बरेच जण हा कट्टा वाचतात.

बांधावरून
एक बाळबोध प्रश्न. एका व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, चारही सापांवरचं औषध असतं म्हणता, मग एकदम दहा व्हायल कशाला लावतात? गावात लोकांना वाटतं डॉक्टर बिल वाढवतायत.

रानवाटा
बाळबोध अजिबात नाही. एका व्हायलचं १० मिली द्रावण होतं. भारतीय निकषाप्रमाणे त्यातल्या प्रत्येक मिलीने नागाचं ०.६ मिग्रॅ, घोणसचं ०.६, मण्यारचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिग्रॅ विष निकामी केलं पाहिजे. म्हणजे घोणससाठी व्हायलमागे ६ मिग्रॅ. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिग्रॅ विष सोडते, पाचपासून १४७ पर्यंत काहीही. दहा व्हायल म्हणजे ६० मिग्रॅची सोय. पहिल्या डोसचा आकडा इथून येतो.

लहान मुलाला डोस कमी करायचा नाही, हेही यातूनच कळतं. साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. मुलासाठी कमी होतं ते सलाईनचं प्रमाण.

घाटातला_एमओ
पुढचे डोस सापाच्या लक्षणांवर ठरतात.

रक्त न गोठणारा पेशंट: घोणस असेल तर १०, फुरसं असेल तर ६ व्हायल पहिल्या अर्ध्या तासात. मग राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन रस्ते आहेत. एक, दर सहा तासांनी २ व्हायल १०० मिली सलाईनमधून, रक्त गोठेपर्यंत किंवा तीन दिवस. दुसरा, दर सहा तासांनी ६ व्हायल. या गटात कमाल ३०.

मज्जातंतूंवर परिणाम झालेला पेशंट: १० व्हायल, सुधारणा नसेल तर आणखी १०, आणि बस. वीस व्हायलनंतरही श्वास उचलला नाही तर आणखी सीरम ओतून काही होत नाही, व्हेंटिलेटर लागतो.

मधले सहा तास कशासाठी? विष निकामी झालं तरी संपलेले क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) यकृताला पुन्हा बनवावे लागतात, त्याला साधारण तेवढा वेळ जातो. दर तासाला टेस्ट करून ‘अजून गोठत नाही’ म्हणत व्हायल फोडत बसणं म्हणजे निव्वळ नासाडी.

आणि नुसते दाताचे दोन व्रण दिसले म्हणून एएसव्ही सुरू करू नका. बिनविषारी साप असतो, विषारी सापाचा कोरडा, म्हणजे विष न सोडलेला, चावाही असतो. लक्षण नाही, रक्त गोठतंय, सूज वाढत नाही, तर २४ तास देखरेख. नातेवाईक दबाव आणतात, सरपंचाचा फोन येतो, तरीही.

काचनळी
सगळा डोलारा ज्या टेस्टवर उभा आहे तिच्याबद्दल लिहितो, कारण तीच सगळ्यात हलगर्जीपणे होते. २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी.

शिरेतलं ताजं रक्त २ मिली. नळी काचेची, नवी, कोरडी. स्टँडमध्ये ठेवायची आणि घड्याळ लावून २० मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही, टेस्ट पॉझिटिव्ह. घट्ट राहिलं तर ठीक.

चुकतं कुठे ते सांगतो. काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत ती नीट सुरू होत नाही, आणि धडधाकट माणसाचं रक्तही पातळ दिसू शकतं. काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा वापरली तरी तोच घोटाळा, कारण साबणाचा पातळ थर काचेवर राहतो. याच्या उलट लाल टोपणाची व्हॅक्युटेनर (रक्त घ्यायची तयार नळी) घेतली तर तिच्यात क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर असतो, रक्त गोठवणारा हा पदार्थ विषाचा परिणाम झाकू शकतो. आणि दहाव्या मिनिटाला ‘बघू तरी’ म्हणून हलवलेली नळी बाद समजा.

पुरवठ्यात आता सगळं प्लास्टिकच येतं, म्हणून साध्या काचेच्या १० मिलीच्या नळ्यांचं एक खोकं वेगळं मागवून ‘सर्पदंश’ लिहून ठेवा. शंका वाटली तर सोबतच्या नातेवाइकाचं २ मिली रक्त शेजारच्या नळीत लावा. त्याचंही गोठलं नाही तर दोष नळीचा.

पहिली टेस्ट बरोबर आली तरी पहिले तीन तास दर तासाला, मग २४ तासांपर्यंत दर सहा तासांनी.

नाईट_सिस्टर
काचनळी दादांनी नळीचं सांगितलं, मी व्हायलचं सांगते. पावडर असलेल्या व्हायलमध्ये १० मिली स्टराईल वॉटर सोडलं की तळहातांत धरून गोल गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो. मग फेस बसायची वाट बघा, आणि प्रथिनांचीही वाट लागते. घाईच्या वेळी दहा व्हायल एकटीने विरघळवणं अवघड आहे, दोघी जणी बसा. पूर्ण निवळ झाल्याशिवाय ओढायचं नाही, गाठी राहिल्या असतील तर ती व्हायल बाजूला. ड्रिप लावायच्या आधीच दुसऱ्या सिरिंजमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन भरून, लेबल लावून ट्रेमध्ये. शोधाशोध नंतर करायची नाही.

पूर्वीची टेस्ट डोस, म्हणजे आधी थोडंसं सीरम टोचून बघणं, बंद झाली आहे. तिच्यातून रिअ‍ॅक्शन कळत नाही, उलट तीच रिअ‍ॅक्शन देऊ शकते. चावलेल्या जागी इंजेक्शन देणंही बंद.

पहिली १५ मिनिटं पेशंटपासून हलायचं नाही. अंगाला खाज, एखादी गांधी, कोरडा खोकला, उलटी, अचानक हुडहुडी, यातलं काहीही दिसलं की ड्रिप थांबवा. मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत, मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ. त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) आणि एविल (अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन). आधी एविल देऊन वाट बघणं ही नेहमीची चूक. स्थिर झाला की सीरम पुन्हा सुरू, आधी १०-१५ मिनिटं सावकाश, मग नेहमीच्या वेगाने. ‘रिअ‍ॅक्शन आली, आता एएसव्ही नको’ असं पेपरवर लिहून पुढे पाठवलेला पेशंट विषासकट पुढे गेलेला असतो.

रानवाटा
रिअ‍ॅक्शन इतक्या का येतात तर सीरममधल्या प्रथिनांपैकी थोडाच भाग विषाविरुद्धचा असतो. बाकी घोड्याच्या इतर अँटीबॉडी. नव्या संशोधनाचा खरा फायदा मला इथे दिसतो. नेमक्या विषाविरुद्धच्याच अँटीबॉडी कारखान्यात बनवल्या तर प्रथिनांचा भार कमी.

अ‍ॅड्रेनॅलिन आगाऊ देण्यावर श्रीलंकेतली २०११ची मोठी चाचणी आहे. १:१००० अ‍ॅड्रेनॅलिन ०.२५ मिली, सीरमच्या आधी त्वचेखाली. पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचा आगाऊ देऊन उपयोग दिसला नाही. हे आपल्याकडे सरसकट का करत नाहीत?

घाटातला_एमओ
कारण समोरचा पेशंट ६५ वर्षांचा, बीपीचा, आणि रक्त न गोठणारा असू शकतो. त्याचं बीपी उसळलं आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर? दम्याचा किंवा आधी सीरम घेतलेला पेशंट असेल तर आगाऊ डोस द्यावा, या मताचा मी आहे. बाकीच्यांना भरलेली सिरिंज आणि शेजारी उभी सिस्टर पुरते.

रानवाटा
त्या चाचणीत या डोसने तसा अपाय दिसला नव्हता. पण वयस्क आणि हृदयरोगाच्या पेशंटबद्दल तुमचं पटतं. तरुण पेशंटच्या बाबतीत मी अजूनही देण्याच्या बाजूचा.

भूल_आणि_भान
नाग आणि मण्यार यांना एकाच पोत्यात घालू नका.

नागाचं विष स्नायूच्या बाजूच्या रिसेप्टरवर, म्हणजे मज्जातंतूचा संदेश घेणाऱ्या जागेवर, बसतं. तिथे निओस्टिग्मिन, म्हणजे तो संदेश टिकवून धरणारं औषध, काम करतं. आधी अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ शिरेतून, मग निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ. पुढे दर अर्ध्या तासाला निओस्टिग्मिन ०.५ मिग्रॅ, अ‍ॅट्रोपिनसोबत, पाच डोसपर्यंत. पापण्या उचलल्या जातात का ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. ‘बरं वाटतंय’ ही नोंद नाही. तीन डोसनंतर फरक नसेल तर थांबवा, साप बहुधा मण्यार आहे.

मण्यारचं विष मज्जातंतूच्या टोकावर आतून घाव घालतं. टोक खराब झालं की निओस्टिग्मिनला करण्यासारखं काही उरत नाही, सीरमही झालेलं नुकसान उलटवत नाही. टोक पुन्हा उगवेपर्यंत श्वास आपण चालवायचा, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर आणि जास्तही. चावा बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला, रात्री, न दुखणारा. पहाटे पोटात कळ, घशात अडकल्यासारखं, पापण्या जड. पोटदुखी म्हणून अँटासिड देऊन घरी पाठवलेला पेशंट दोन तासांत निळा पडून परत येतो. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला ‘जमिनीवर झोपला होतात का’ हे विचारा आणि वर बघायला सांगा.

वॉर्डात दोन गोष्टी वारंवार बघा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात, आणि उशीवरून मान उचलता येते का. आकडा घसरायला लागला की रेफर करा. श्वास थांबायची वाट नको, अँब्युलन्समध्ये अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) चालवणारा माणूस हवाच.

आणि हे ठळक समजा: पूर्ण लुळा पडलेल्या मण्यारच्या पेशंटच्या बाहुल्या पसरलेल्या, प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात. तो मेंदूमृत नाही. त्याला सगळं ऐकू येत असतं. बेडजवळ बोलताना भान ठेवा, आणि व्हेंटिलेटरवर असताना गुंगीचं औषध द्या.

सळसळ
सर्पमित्रांच्या बाजूने. साप मारून पिशवीत घेऊन दवाखान्यात जाऊ नका. छाटलेलं डोकंही बऱ्याच वेळानंतर चावतं. लांबून मोबाईलवर एक फोटो पुरे, तोही सहज मिळाला तर.

गफलती ठरलेल्या आहेत. बिनविषारी कवड्या आणि मण्यार: कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारचे उलट, शेपटीकडे स्पष्ट आणि जोडीजोडीने, डोक्यामागचा भाग बराचसा कोरा. डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू यांना लोक घोणस समजतात. खरी घोणस अंगावर साखळीसारखे तीन उभे पट्टे घेऊन फिरते आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. फुरसं हातभराचं, डोक्यावर बाणासारखी खूण, खवले घासून करवतल्यासारखा आवाज.

आवळपट्टी, ब्लेडने चिरा, तोंडाने ओढणं, सगळं बंद. अंगठी, बांगडी, जोडवी काढा, नंतर सूज चढली की कापावी लागतात. हातपाय फ्रॅक्चरसारखा लाकडी पट्टीने स्थिर करा, चालवू नका, १०८ला फोन.

घाटातला_एमओ
आवळपट्टी बांधूनच आणलेला पेशंट असेल तर ती दारातच सोडू नका. आयव्ही लावा, सीरम सुरू करा, मग हळूहळू सैल करा. एकदम सोडली की अडलेलं विष लोंढ्याने आत जातं आणि पेशंट टेबलवर कोसळतो.

बांधावरून
रानवाटा, महाराष्ट्रातल्या सापांसाठी वेगळं सीरम का नाही बनत?

रानवाटा
मुद्द्यावर आलात. देशातल्या बहुतेक सीरमसाठी विष येतं ते तमिळनाडूतल्या इरुला सर्पपकड सहकारी संस्थेकडून. ही संस्था १९७८ची, काम चोख. पण ते साप तिकडच्या दोन-तीन जिल्ह्यांतले. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या (भारतीय विज्ञान संस्था) कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने २०१९पासून दाखवलं आहे की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि सीरमची ताकदही त्याप्रमाणे कमी-जास्त होते. शिवाय चौघांच्या बाहेरचे साप आहेतच. सह्याद्रीतल्या चापड्यावर (पिट व्हायपर) हे सीरम बनलेलंच नाही. तिथे सूज, वेदना, मूत्रपिंड यांची काळजी घ्यायची, व्हायल ओतायच्या नाहीत.

मुंबईत हाफकिन सीरम बनवत आलंय, नारायणगावातही उत्पादन होतं. म्हणजे घोडे आणि यंत्रणा राज्यात आहे. इथल्या सापांचं विष कायदेशीर मार्गाने गोळा करणारं केंद्र हवं. माझ्या मते पुढच्या पाच वर्षांत आपल्या पेशंटला सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल, अमेरिकेतल्या अँटीबॉडीने नव्हे.

भूल_आणि_भान
आणि वारेस्प्लॅडिबची गोळी? भारतात चाचणी झाली ना?

रानवाटा
झाली. ब्राव्हो नावाची, भारत आणि अमेरिकेत, २०२१ ते २०२३. नेहमीच्या सीरमच्या जोडीला गोळी किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. मुख्य निकषावर, म्हणजे दंशाच्या तीव्रतेच्या गुणांकात, दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. लवकर, पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. औषध फॉस्फोलायपेज ए२ हे एंझाइम अडवतं, ते नुकसान सुरुवातीलाच करतं, तेव्हा हे तर्काला धरून आहे. पण मुख्य निकालापेक्षा उपगट नेहमी गोड दिसतो. बाजारात नाही, इंटरनेटवर कुणी विकत असेल तर घेऊ नका.

फुरशासाठी माझा डोळा युनिथिऑलवर आहे. जड धातूंच्या विषबाधेवरचं जुनं औषध. फुरशाच्या विषातली रक्तवाहिन्या फोडणारी एंझाइमं जस्तावर चालतात, हे औषध ते जस्त पकडतं. केनियात किलिफीला निरोगी स्वयंसेवकांवर डोस ठरवण्याची पहिली पायरी झाली. तोंडाने देता येतं, फ्रीज लागत नाही. बांधापासून दवाखान्यापर्यंतच्या तासासाठी असंच काहीतरी लागणार.

संगणकावर आराखडा केलेली प्रथिनं (‘नेचर’, जानेवारी २०२५, बेकर यांची प्रयोगशाळा) आणि आफ्रिकेतल्या १८ सापांवरची आठ नॅनोबॉडींची (अगदी छोट्या अँटीबॉडी) जुळणी, दोन्ही सुरेख काम. दोन्ही पुन्हा नागाच्याच कुळावर.

नाईट_सिस्टर
रेफर करताना काय लिहायचं ते एमओ सरांनी टाकावं. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीत ‘स्नेक बाईट, इंज. एएसव्ही गिव्हन’ एवढंच असतं.

घाटातला_एमओ
पहिला डोस दिल्याशिवाय पाठवायचं नाही, हे आधी. चिठ्ठीत: चाव्याची वेळ, पहिली लक्षणं आणि वेळ, रक्त गोठण्याची प्रत्येक तपासणी वेळेसह, किती व्हायल, कुठल्या बॅचच्या, कधी सुरू-कधी संपल्या, रिअ‍ॅक्शन आणि तिला काय दिलं, अ‍ॅट्रोपिन-निओस्टिग्मिनचे डोस, आणि लघवी किती व कोणत्या रंगाची. शेवटचं सगळे विसरतात. घोणसच्या दंशात मूत्रपिंड जातं, आणि पहिली खूण लघवी कमी होणं किंवा गडद होणं हीच. पाय टम्म सुजला म्हणून रक्त गोठायच्या आधी सर्जनकडून चिरा पाडून घेऊ नका, रक्तस्राव आवरत नाही.

नोंदणीचंही तेवढंच महत्त्व. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करायचं लक्ष्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंश अधिसूचित करायला, म्हणजे त्याची नोंद सक्तीची करायला, सांगितलं, कर्नाटकाने त्याआधीच केला होता. नोंद नसेल तर पुढच्या पावसाळ्याचा व्हायलचा कोटा मागच्या चुकीच्या आकड्यावर ठरतो.

विंचू_प्रेमी
विंचवावरही हेच सीरम चालतं का?

घाटातला_एमओ
नाही. लाल विंचवाला प्राझोसिन, एरवी रक्तदाबावरचं औषध, महाडच्या डॉ. बावस्कर यांचं काम. विंचवाचं सीरम वेगळं असतं, प्राझोसिनसोबत दिलं तर बरं होणं लवकर होतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत नको.

बांधावरून
शेवटचं एक. घरी सोडल्यावर आठवड्याने ताप आणि सांधे धरले तर विष राहिलं असं समजायचं का?

नाईट_सिस्टर
बहुधा नाही. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी, गाठी सुजणं ही सीरम सिकनेस, घोड्याच्या प्रथिनांवरची उशिराची प्रतिक्रिया. डॉक्टर अँटीहिस्टामिन किंवा काही दिवस प्रेडनिसोलोन देतात, बरं होतं. सोडताना हे कार्डावर लिहून द्यावं. मात्र हिरड्यांतून रक्त, लघवी लाल किंवा कमी, पाय पुन्हा सुजायला लागला, तर त्याच दिवशी परत यायचं. येताना जुना पेपर आणायचा आणि आल्या आल्या २० मिनिटांची टेस्ट मागायची.